कॉम्प्युटर ‘साफ’ केला आणि फायली गेल्या? आधी तो बंद करा

कुणीतरी मदत म्हणून जुना कॉम्प्युटर साफ करून देतो आणि संध्याकाळी डी ड्राइव्ह रिकामा दिसतो. रिसायकल बिन एकदा उघडून बघा. फायली तिथे नसतील तर शटडाउन करा आणि ते विंडोज पुन्हा सुरू करू नका.

तलाठ्याने सातबाऱ्यावरून नाव कमी केलं म्हणून शेत जागचं हलत नाही. डिलीट झालेल्या फाइलचंही तसंच: यादीतली नोंद जाते, मजकूर हार्डडिस्कवर पडून असतो. पण त्या मोकळ्या जागेत दुसऱ्याने पेरणी केली की संपलं. विंडोज नुसतं चालू असलं तरी अपडेट, तात्पुरत्या फायली असं काहीबाही पेरतच असतं. म्हणून फायली परत आणणारं सॉफ्टवेअर त्याच डिस्कवर टाकणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक. एसएसडी (फिरत्या तबकडीऐवजी चिपवर साठवणारी डिस्क) असेल तर आशा कमी ठेवा. ट्रिम नावाच्या सोयीमुळे मोकळी झालेली जागा ती स्वतःच पुसून टाकते. आणि डिस्कमधून टकटक आवाज येत असेल तर इथेच थांबा, ते काम डेटा रिकव्हरी लॅबचं.

आता दुसऱ्या कॉम्प्युटरवर लिनक्स मिंट, म्हणजे विंडोजऐवजी वापरता येणारी फुकट सिस्टम, डाउनलोड करा आणि रूफस हे छोटं सॉफ्टवेअर वापरून ८ जीबीच्या पेन ड्राइव्हवर चढवा. पेन ड्राइव्हवरचं सगळं पुसलं जाईल, तेव्हा रिकामाच घ्या. तो लावून जुनं मशीन सुरू करताना बूट मेनूची की दाबत राहा: डेल आणि लेनोवोवर बहुधा एफ१२, एचपीवर एफ९. मशीन कशावरून सुरू करायचं याची यादी येईल, तिच्यातून पेन ड्राइव्ह निवडा. तारीख कित्येक वर्षं मागची दिसली तर कुणी छेडछाड केली असेलच असं नाही. मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल संपलेला असतो. घड्याळाच्या दुकानातही तो मिळतो.

मिंट पेन ड्राइव्हवरूनच चालतं. डेस्कटॉपवर ‘इन्स्टॉल’चं चिन्ह दिसेल, त्याला हात लावू नका. आधी जुने ड्राइव्ह उघडून बघा. झेरॉक्सच्या दुकानातून पेन ड्राइव्हमार्गे आलेले व्हायरस फोल्डर पुसत नाहीत, नुसते लपवतात आणि जागेवर शॉर्टकट ठेवतात. विंडोजमध्ये न दिसणारे हे फोल्डर लिनक्सला सरळ दिसतात. पुष्कळदा काम इथेच होतं. जे दिसेल ते बाहेरच्या हार्डडिस्कवर कॉपी करा.

विंडोजमधलं फॉन्ट्स हे फोल्डरही सोबत घ्या. याचं महत्त्व मराठीत टंकलेखन केलेल्यांनाच कळेल! कृतिदेव, श्री-लिपी किंवा शिवाजी फॉन्टमधली जुनी पत्रं नव्या मशीनवर उघडली की रोमन अक्षरांचा काला दिसतो आणि माणसं फाइल बिघडली म्हणून फेकून देतात. फाइल धड असते, फक्त फॉन्ट नसतो.

तरीही न सापडलेल्या फायलींसाठी इंटरनेट जोडून टेस्टडिस्क हे पॅकेज टाका. ते रॅममध्ये राहतं, डिस्कला धक्का लागत नाही. ड्राइव्हच गायब असेल तर टेस्टडिस्क त्याची हरवलेली मांडणी शोधतं. सुट्या फायलींसाठी सोबत येणारं फोटोरेक वापरा. ते यादी बघतच नाही, प्रत्येक प्रकारच्या फाइलची सुरुवातीची खूण हुडकत जातं. त्यामुळे फाइल मिळते, नाव मिळत नाही. सगळे प्रकार निवडलेत तर हजारो अनोळखी फायलींचा ढीग होईल. फोटो आणि वर्ड एवढंच निवडा. साठवण्याची जागा बाहेरचीच डिस्क. मोठ्या डिस्कला रात्रभर वेळ लागू शकतो.

आणलेल्या फायली उघडून तपासल्यावरच मशीन दुरुस्तीला घ्या. नुसत्या सेटिंग बिघडल्या असतील तर विंडोजचं सिस्टम रिस्टोअर त्या आधीच्या तारखेवर नेतं. तुमच्या कागदपत्रांना ते हात लावत नाही, आणि गेलेली परतही आणत नाही. दुरून ताबा घेणारं सॉफ्टवेअर कुणी टाकून ठेवल्याचा संशय असेल तर रिस्टोअरवर भागवू नका. पासवर्ड दुसऱ्या उपकरणावरून बदला आणि सगळं नव्याने इन्स्टॉल करा. खात्यातून पैसे गेले असतील तर आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन.

विंडोज ७ ला मिळणारा मायक्रोसॉफ्टचा आधार १४ जानेवारी २०२० ला संपला, १० चा १४ ऑक्टोबर २०२५ ला. विंडोज ११ जुन्या मशीनला बहुधा चालत नाही, म्हणून मी मिंटच ठेवेन. तेही नव्या, छोट्या एसएसडीवर. जुनी डिस्क काढून, वर तारीख लिहून कपाटात ठेवा. चार महिन्यांनी एखादा फोटो आठवला तर फोटोरेक तिच्यावर पुन्हा फिरवता येईल.