अंगावर काम घेताय? आधी एवढं करून ठेवा

साइटवर जायच्या आदल्या रात्री एक व्हॉट्सॲप मेसेज टाकून ठेवा. ‘साहेब, उद्या सकाळी नऊला चौथ्या मजल्याच्या ग्रिलचं काम सुरू करतो. रेट ठरल्याप्रमाणे, मटेरियल तुमचं, मशीन माझं, सोबत एक हेल्पर.’ समोरून ‘ओके’ आलं की काम झालं. कुणी बोलावलं, कुठे, मटेरियल कुणाचं, सगळं त्यात आलं. आपल्या फॅब्रिकेशनच्या धंद्यात करारनामा कुणी करत नाही, वहीच्या पानावर रेट उतरला तरी खूप. पण माणूस परांचीवरून खाली पडला की काम देणाऱ्याचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं: ‘तो आमचा माणूस नाही, त्याने काम अंगावर घेतलंय.’

या वाक्यावरच सगळं अडतं. १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्यात चूक कुणाची हे न बघता काम देणाऱ्याला भरपाई द्यावी लागते, पण ती कर्मचाऱ्याला. तोच गाभा आता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत आला आहे. खरोखर स्वतंत्र ठेकेदार असाल तर तुम्हाला दिवाणी कोर्टात जाऊन समोरच्याचा निष्काळजीपणा सिद्ध करावा लागतो, आणि त्याला वर्षं जातात. मात्र कागदावर ‘ठेकेदार’ लिहिलं म्हणून माणूस ठेकेदार होत नाही. सौराष्ट्रातल्या ध्रांगध्रा केमिकल वर्क्सच्या मिठागरांवरचे आगरिया, म्हणजे मीठ पिकवणारे मजूर, मणामागे पैसे घ्यायचे, वेळ स्वतः ठरवायचे, मदतीला आणखी माणसं लावायचे. तरी कंपनीची देखरेख होती आणि ते स्वतः राबत होते, म्हणून सुप्रीम कोर्टाने त्यांना कामगारच मानलं. तो खटला औद्योगिक विवाद कायद्याचा होता, पण कोर्ट काय बघतं ते त्यातून कळतं. म्हणून हजेरीची वही, सुपरवायझरचे ‘आज हे आधी उरका’वाले मेसेज, आठवड्याच्या उचलीच्या जीपे नोंदी यातलं काही डिलीट करू नका.

काम कुणाचं आहे तेही विचारून घ्या. बिल्डरने ठेकेदाराला आणि ठेकेदाराने तुमच्यासारख्याला रोजावर घेतलं असेल, तर भरपाई थेट बिल्डरकडेही मागता येते, कारण बांधकाम हाच त्याचा धंदा. तेच एखाद्या काकांच्या राहत्या फ्लॅटचं रंगकाम असेल तर ही वाट बंद. काका रंगाचा व्यापार करत नाहीत. अशा घरगुती कामाला जाताना स्वतःचा विमा नसेल तर जाऊच नका, असं माझं मत.

आता जरा कडू गोष्ट. सोबत नेलेल्या हेल्परचे मालक तुम्हीच. तो शिडीवरून पडला तर ‘मी पण मजूरच आहे’ म्हणून सुटका नाही. दोन-तीन पोरं कायम हाताखाली असतील तर कामगार भरपाईची पॉलिसी काढा.

स्वतःसाठी बँकेतली २० रुपयांची प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना चालू आहे का, हे मे महिन्यात पासबुकावर बघा. अपघाती मृत्यूला २ लाख मिळतात, एक हात, पाय किंवा डोळा गेला तर १ लाख. पण पाय मोडून चार महिने घरी बसलात तर यातून रुपया नाही. त्यासाठी आठवड्याचा भत्ता देणारी वैयक्तिक अपघात पॉलिसी वेगळी घ्यावी लागते. शिवाय बांधकाम कामगार मंडळाची नोंदणी करा: वय १८ ते ६०, वर्षभरात ९० दिवस काम केल्याचा दाखला. कामावर मृत्यू झाल्यास वारसाला मंडळाकडून ५ लाख मिळतात. नूतनीकरण दरवर्षी करायचं असतं, आणि ते हमखास राहून जातं.

अपघात झालाच तर दवाखान्यात कोण काय सांगतं याकडे कान ठेवा. माझ्या डाव्या हाताला ग्राइंडर लागला तेव्हा साइटवरचा माणूस रिक्षातून सोबत आला, पाणी पाजलं, पैसेही भरले, आणि डॉक्टरांना म्हणाला, ‘घरी काम करताना लागलं.’ मी कळवळत होतो, काही बोललो नाही. केसपेपरवर तेच उतरलं. पुढे प्रत्येक टेबलावर तो एकच कागद माझ्यासमोर धरला गेला. तेव्हा शुद्धीत असाल तर स्वतः सांगा: अमुक साइट, अमुक काम, इतके वाजता. एमएलसी, म्हणजे दवाखान्याने पोलिसांना कळवायची अपघाताची नोंद, करायला लावा, पोलिसांनी जबाब घेतला तर मशीन कुणाचं होतं तेही त्यात येऊ द्या. जागेचा फोटो त्याच दिवशी कुणालातरी काढायला सांगा. दुसऱ्या दिवशी परांची बदललेली असते, नवे सेफ्टी बेल्ट लटकत असतात.

मग पाकीट येतं. पन्नास हजार, आणि ‘यापुढे काही तक्रार नाही’ असा स्टॅम्पपेपर. कर्मचाऱ्याने असा हक्क सोडून दिला तरी कायद्यात तो करार रद्दच धरला जातो. मृत्यूच्या बाबतीत भरपाई सरकारी अधिकाऱ्याकडे जमा करावी लागते. विधवेच्या हातात परस्पर दिलेले पैसे, थोडी आगाऊ रक्कम वगळता, भरपाईत धरले जात नाहीत. हिशेब माहीत असलेला बरा. ३ जानेवारी २०२० पासून महिन्याचा पगार जास्तीत जास्त १५,००० धरतात. त्या पगाराच्या चाळीस वर्षांच्या माणसाच्या मृत्यूला १३,८१,२७५ रुपये होतात, आणि नुसता अंगठा गेला तर कायद्याच्या अनुसूचीप्रमाणे ३० टक्के (मृत्यूच्या नव्हे, कायमच्या पूर्ण अपंगत्वाच्या भरपाईच्या), म्हणजे ४,९७,२५९. उपचाराचा खरा खर्च वेगळा, म्हणून औषधाच्या पावत्या पिशवीत टाका. दावा दोन वर्षांच्या आत लावायचा. वकिलाला पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, फोन १५१००.

हे सगळं तुमच्या एकट्याच्या मोबाइलमध्ये असून उपयोग नाही, त्याला लॉक असतो. साइटचा पत्ता, ठेकेदाराचा नंबर आणि पॉलिसीचा फोटो बायकोच्या फोनवर आजच पाठवा.