ग्रेव्हटाय मॅनरची बाग कशी पाहावी

इंग्लंडमध्ये वेस्ट ससेक्स परगण्यात, ईस्ट ग्रिनस्टेड गावाजवळ, 1598 साली बांधलेला ग्रेव्हटाय मॅनर हा दगडी वाडा उभा आहे आणि 1958 पासून तेथे हॉटेल चालते. बाग मुख्यतः मुक्कामाला किंवा जेवायला आलेल्या पाहुण्यांसाठीच असल्यामुळे आधी आरक्षण करावे, मगच निघावे. खोलीचे भाडे जड वाटत असेल, तर दुपारचे जेवण राखून ठेवावे. लंडनमध्ये राहणाऱ्या मराठी कुटुंबांना व्हिक्टोरिया स्थानकावरून ईस्ट ग्रिनस्टेडची थेट गाडी मिळते आणि एका दिवसात जाऊन येता येते.

डॅफोडिल पाहायचे असतील तर एप्रिलचा पहिला पंधरवडा निवडावा, आणि कुरणातील रानफुले हवी असतील तर जून. माझा कौल एप्रिललाच आहे, कारण या बागेचा जनक विल्यम रॉबिन्सन याचे म्हणणे तेव्हाच सर्वांत स्पष्ट दिसते. व्हिक्टोरियन काळात काचघरात वाढवलेली रोपे दर मोसमाला आणून भौमितिक वाफ्यांत रांगेने लावत आणि बहर ओसरताच उपटून टाकत. या आयरिश माळ्याला ती रीत मुळीच मान्य नव्हती. तेथील हवेत तगणारे कंद व बहुवर्षायू झाडे गवतात आणि झाडांखाली एकदाच लावावीत, मग ती आपापली पसरू द्यावीत, हा त्याचा आग्रह होता. 1935 मध्ये निधन होईपर्यंत, सुमारे अर्धशतक, त्याने तो याच जमिनीवर राबवला.

म्हणून पाहण्याची सुरुवात वाड्याच्या भिंतीपासून करावी. तेथे फरसबंद वाटा आणि आखीव ताटवे आहेत; जसजसे दूर जावे तसतशी शिस्त सैल होत जाते आणि अखेर बाग कोठे संपली व रान कोठे सुरू झाले हे सांगता येत नाही. कुरणात कापलेल्या वाटेवरूनच चालावे, कारण तुडवलेल्या गवतातील फुलांचे बी धरत नाही.

वाड्यामागच्या चढावर दगडी भिंतीची लंबवर्तुळाकार परसबाग आहे. दिवसभर तापलेली भिंत रात्री ऊब देते, त्यामुळे तिच्यालगत फळझाडे चांगली येतात. ही परसबाग जेवणापूर्वी पाहावी, म्हणजे ताटातील कोणती भाजी तेथून आली, हे वाढणाऱ्याला विचारता येईल.