सोयाबीनला कल्चर लावताय ना? मग हे बघून घ्या

इंदूरच्या आसपास, सांवेर-महू साइडला ज्यांची शेती आहे त्यांनी पेरणीआधी सोयाबीनच्या बियाण्याला रायझोबियम कल्चर, म्हणजे पाकिटात मिळणारे जिवंत बॅक्टेरिया, लावाच, हे बॅक्टेरिया मुळांवर गाठी करतात, झाडाकडून साखर घेतात आणि हवेतला नायट्रोजन झाडाला घेता येईल असा करून देतात, मग युरिया फारसा लागतच नाही. पाकीट सोयाबीनचंच घ्या, हरभऱ्याचं चालत नाही. एक्स्पायरी डेट पण बघा.

थोडा गूळ पाण्यात उकळून पूर्ण गार करा, गरम पाण्यात बॅक्टेरिया मरतात. 10 किलो बियाण्याला 200 ग्रॅमचं पाकीट त्यात कालवून हलक्या हाताने लावा, जोरात चोळलं तर सोयाबीनचं साल लगेच निघतं. सावलीत वाळवा, त्याच दिवशी पेरा. बुरशीनाशक लावायचं असेल तर ते आधी, कल्चर सगळ्यात शेवटी.

साधारण 40 दिवसांनी एक झाड मातीसकट खणून काढा, उपटू नका, गाठी तुटून जमिनीतच राहतात. गाठ नखाने फोडा, आतून गुलाबी-लाल दिसली की काम मस्त चालू आहे, पांढरी किंवा हिरवट असेल तर नाही. आणि आपल्या माळव्याच्या काळ्या मातीत पाणी साचलं की मुळांना हवा मिळत नाही, गाठींचं काम थंडावतं, म्हणून चर आधीच काढून ठेवा.