जाहिरात लागताच टीव्हीचा आवाज का वाढतो आणि तो घरी कसा आटोक्यात ठेवावा

रात्रीची मालिका चालू असते आणि आजीला संवाद नीट ऐकू यावेत म्हणून आवाज बावीसवर ठेवलेला असतो. पडद्यावर कुणीतरी कुणाच्या तरी कानात कुजबुजते, तेवढ्यात ब्रेक लागतो आणि साबणाच्या जाहिरातीतल्या पहिल्याच शब्दाने आतल्या खोलीतले बाळ दचकून उठते. आमच्या रिमोटवरचे सगळे आकडे अजून स्पष्ट दिसतात. आवाज कमी करण्याच्या बटणावरची खूण मात्र पार पुसली गेली आहे. हा भास नव्हे. यामागे नेमकी कारणे आहेत आणि ती समजून घेतली की घरच्या घरी बराच इलाज करता येतो.

आवाज दोन प्रकारे मोजता येतो आणि या दोन मापांतला फरक हेच दुखण्याचे मूळ आहे. पहिले माप शिखराचे, म्हणजे ध्वनीने क्षणभर गाठलेल्या सर्वांत वरच्या पातळीचे. दुसरे माप सरासरीचे, म्हणजे काही सेकंदांत कानावर एकूण किती ऊर्जा आदळली त्याचे. आवाज मोठा की लहान हे आपला कान मुख्यतः या सरासरीवरून ठरवतो. प्रक्षेपणाचे नियम मात्र अनेक वर्षे शिखरावर बेतलेले होते. मालिकेचा ध्वनी संगणकावर उमटवून पाहिला तर तो सह्याद्रीच्या रांगेसारखा दिसतो: दार आपटल्याचा एखादा उंच सुळका, मग संवादांची पठारे आणि मधूनमधून शांततेच्या खोल दऱ्या. जाहिरातीचा ध्वनी किल्ल्याच्या तटासारखा सलग दिसतो. कॉम्प्रेशन नावाच्या प्रक्रियेने त्यातले मोठे आवाज दाबले जातात आणि मग सगळाच ध्वनी वर उचलला जातो, त्यामुळे कुजबुजसुद्धा जवळजवळ आरोळीच्या पातळीला येते. सुळका आणि तट यांची उंची सारखीच असल्यामुळे शिखर मोजणाऱ्या यंत्राला दोन्हीत फरक दिसत नाही, पण कानाला तट कितीतरी मोठा वाटतो. त्यात भर म्हणजे आपला कान साधारण दोन ते पाच हजार हर्ट्झच्या पट्ट्यात सर्वांत तीक्ष्ण असतो आणि जाहिरातीतला निवेदकाचा आवाज बहुधा याच पट्ट्यात उठाव देऊन तयार केलेला असतो.

यावर जगात उपाय झालेले आहेत. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने २००६ मध्ये कानाला जाणवणारी पातळी मोजण्याची पद्धत ठरवून दिली. युरोपीय प्रसारण संघाने तिच्या आधारे २०१० मध्ये उणे २३ एलयूएफएस ही सरासरी पातळी सुचवली (एलयूएफएस हे कानाला जाणवणाऱ्या पातळीचे एकक; त्यातला एकाचा फरक म्हणजे एक डेसिबल), तर अमेरिकेत जाहिरातींच्या आवाजाला कार्यक्रमाच्या पातळीशी बांधणारा कायदा त्याच वर्षी मंजूर होऊन डिसेंबर २०१२ पासून लागू झाला. तरीही एक अडचण उरते आणि ती मला सर्वांत महत्त्वाची वाटते. समजा, मालिकेच्या संपूर्ण भागाची सरासरी उणे २३ आहे आणि जाहिरातीचीही तेवढीच आहे. पण ब्रेकच्या आधीचा हळवा प्रसंग उणे ३३ वर असेल, तर नियम तंतोतंत पाळूनही आवाज दहा डेसिबलने उसळतो, आणि दहा डेसिबलची वाढ कानाला साधारण दुप्पट वाटते. म्हणूनच नियम कितीही चांगला असला, तरी घरातली मांडणी सुधारावीच लागते.

सुरुवात मोजण्यापासून करावी. मोबाइलवर आवाज मोजणारे एखादे ॲप घ्यावे, फोन नेहमीच्या बसण्याच्या जागी ठेवावा आणि ब्रेकच्या आधीची दोन मिनिटे व ब्रेकमधली दोन मिनिटे यांची सरासरी लिहून ठेवावी. फोनचा आकडा प्रयोगशाळेइतका अचूक नसतो, पण आपल्याला फक्त फरक हवा असल्याने तो पुरतो. हीच मोजणी तीन-चार वाहिन्यांवर केली, तर दोष एका वाहिनीचा आहे की सगळीकडे सारखाच आहे हे कळते.

मग सेट-टॉप बॉक्सचा स्वतःचा आवाज जवळजवळ पूर्ण ठेवावा आणि कमी-जास्त फक्त टीव्हीवरून करावे. दोन ठिकाणी आवाज बदलत राहिले की मोजणीला अर्थ उरत नाही. त्यानंतर टीव्हीच्या ध्वनीविषयक सेटिंगमध्ये ऑटो व्हॉल्यूम किंवा त्यासारख्या नावाची, मोठे आवाज दाबून आणि लहान आवाज उचलून पातळी सारखी ठेवणारी सोय शोधून ती चालू करावी. साउंडबार असेल तर त्यावरचा नाइट मोड हेच काम करतो. मात्र काही साउंडबारवर तो डॉल्बी या डिजिटल पद्धतीचा ध्वनी आला तरच चालतो, म्हणून फरक जाणवला नाही तर बॉक्सच्या सेटिंगमध्ये पीसीएम या साध्या डिजिटल ध्वनीऐवजी डॉल्बी निवडून पाहावे. ऑटो व्हॉल्यूम आणि नाइट मोड या दोन्ही सोयी एकाच वेळी चालू ठेवू नयेत. एक यंत्र दाबते, दुसरे उचलते आणि संवादांमागचा पंख्याचा किंवा पावसाचा आवाज श्वास घेतल्यासारखा वर-खाली होऊ लागतो. क्रिकेटचा सामना किंवा गाण्याची मैफल पाहताना तर ही सोय बंदच करावी, कारण ती त्यातला चढ-उतार खाऊन टाकते.

इक्वलायझरमधून, म्हणजे जाड-बारीक आवाजांचे पट्टे वेगवेगळे कमी-जास्त करण्याच्या सेटिंगमधून, वरचा (बारीक आवाजांचा) पट्टा दोन-तीन डेसिबलने उतरवला की जाहिरातीचा टोचरेपणा कमी होतो. पण स, श, च, ट या व्यंजनांची स्पष्टता त्याच पट्ट्यावर अवलंबून असते आणि वयस्कर माणसांना नेमकी तीच आधी ऐकू येईनाशी होतात. घरात असे कुणी असेल, तर हा उपाय सर्वांत शेवटी करावा.

एवढे करूनही एखादी वाहिनी सतत किंचाळत असेल, तर तक्रार जरूर करावी. केबल टेलिव्हिजन नेटवर्क नियम, १९९४ मधील सातव्या नियमानुसार जाहिरातीचे दृश्य आणि ध्वनी अवाजवी भडक असता कामा नयेत. नियमात डेसिबलचा आकडा दिलेला नाही आणि ही त्याची मोठी उणीव आहे. म्हणूनच आपल्या मोजणीला किंमत येते. २०२१ च्या दुरुस्तीनुसार प्रेक्षकाने पहिली लेखी तक्रार थेट वाहिनीकडे करायची असते. तीत वाहिनीचे नाव, तारीख, वेळ, जाहिरात कशाची होती ते आणि कार्यक्रमाच्या तुलनेत मोजलेला फरक एवढे लिहावे. गावातल्या दागिन्यांच्या दुकानाची किंवा क्लासची जाहिरात असेल, तर ती बहुधा स्थानिक केबलचालकाने आपल्या यंत्रावरून लावलेली असते. ती पातळी त्याच्याच हातात असते, त्यामुळे अशा जाहिरातीसाठी महिन्याचे पैसे घ्यायला येणाऱ्या माणसाला टीव्हीसमोर बसवून तो फरक प्रत्यक्ष ऐकवावा.