गोव्याच्या मैदानावरून अमेरिकन कॉलेजचा किकर

फुटबॉल खेळून पाय तयार असेल, तर अमेरिकन कॉलेज फुटबॉलमध्ये सगळ्यात जवळची जागा किकरची, म्हणजे गोलखांबांमधून चेंडू पायाने मारून गुण मिळवणाऱ्याची. गोलखांबांतले अंतर १८.५ फूट, आडवा दांडा १० फुटांवर. सहकाऱ्याने चेंडू मागे फेकल्यापासून किक बसेपर्यंत जेमतेम १.३ सेकंद मिळतात, म्हणून दोन पावलांची धाव घोटून घ्या. फटका मध्याच्या जरा खाली, बुटाच्या लेसजवळच्या कठीण हाडाने मारा. बोटांनी मारलात तर चेंडू भरकटतो. मिरामारच्या वाळूत सराव नको, टेकूचा पाय रुततो आणि अंदाज चुकतो. टी, म्हणजे चेंडू ठेवायची छोटी बैठक, वापरायची सवयही नको, कॉलेजात फील्ड गोलला (खांबांमधून मारलेल्या किकला) ती चालत नाही. आणि अभ्यास सोडू नका! डिव्हिजन वनला, म्हणजे कॉलेज खेळांच्या सर्वात वरच्या स्तराला, १६ मुख्य विषयांत ४ पैकी किमान २.३ सरासरी लागते; नववीपासूनच्या गुणपत्रिका जपून ठेवा.