सड्यावरची ऑर्किड बघायला निघालात? या चुका टाळा

ऑर्किड म्हटलं की आपल्याकडे झाडाच्या फांदीवरची आमरीच आठवते. पण सह्याद्रीत जमिनीतून उगवणारी ऑर्किडही भरपूर आहेत, त्यात हबेनारियाच्या जाती खास. कासच्या सड्यावर म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावर, महाबळेश्वरच्या वाटांवर, अगदी चोर्ला घाटातही ती दिसतात. त्यांच्यावर प्रेम करणारेच कधीकधी त्यांच्या मुळावर उठतात, म्हणून हा खटाटोप.

रोप उपटून घरी नेणं. ही सगळ्यात मोठी चूक, आणि करणाऱ्याला ती चूक वाटतच नाही. ‘एकच तर नेलं!’ हबेनारियाच्या रोपाखाली फुलाच्या दिवसांत बहुधा दोन कंद असतात. एक गेल्या वर्षीचा, रोपाला पोसून सुरकुतत चाललेला. दुसरा नवा, पुढच्या पावसाळ्यासाठी भरत असलेला. नवा भरायच्या आत रोप उपटलं की पुढचं वर्षच संपलं. शिवाय ऑर्किडच्या मुळांचं मातीतल्या विशिष्ट बुरशीशी नातं असतं. बी तर धुळीसारखं बारीक, त्यात साठवलेलं अन्न जवळपास नाहीच. ही बुरशी भेटल्याशिवाय ते रुजत नाही. कुंडीतल्या शेणखतात ती कुठून येणार? रोप महिनाभर तग धरतं, मग माना टाकतं, आणि आपण म्हणतो, ‘पाणी जास्त झालं असेल.’

कायद्याचंही बघा. राखीव जंगलातून परवानगीशिवाय रोप काढणं हा वन कायद्याखाली गुन्हा आहे. ऑर्किडचं अख्खं कुळ साइट्स (धोक्यातल्या वन्य जीव-वनस्पतींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) कराराच्या परिशिष्टांत असल्याने देशाबाहेर नेण्यावरही निर्बंध आहेत.

पान तुडवणं. हबेनारिया ग्रँडिफ्लोरिफॉर्मिसचं पान बदामाच्या आकाराचं, मातीला चिकटून पसरलेलं असतं. बऱ्याच रोपांना एवढं एकच पान! त्याच्या मधून वितभर दांडा आणि वर पांढरी फुलं. लोकांची नजर फुलावर आणि गुडघा शेजारच्या रोपाच्या पानावर. ते पान चिरडलं की त्या वर्षीचा सगळा स्वयंपाक बंद. बसण्याआधी आजूबाजूला नीट बघा, शक्यतो उघड्या कातळावरच टेका.

फोटोसाठी ‘साफसफाई’. आड येणारं गवत उपटू नका. सड्यावर माती असते दोन बोटं, गवताबरोबर तीही निघते. पातं अलगद बाजूला धरा, फोटो काढा, सोडून द्या. फूल काडीने उचकून बघायची हौसही नको. परागांचे पुंजके काडीला चिकटून येतात, आणि मग पतंग येऊन करणार काय? फुलाची खरी गंमत बघायची तर बाजूने बघा: मागे मधुरसाची नळी लोंबत असते. हबेनारिया लाँगिकॉर्निक्युलाटात ती बोटापेक्षाही लांब असते, त्यामुळे तितक्याच लांब सोंडेच्या पतंगालाच तळाचा मध मिळतो.

जागा जगजाहीर करणं. फोटो टाका, ठिकाण ‘सातारा जिल्हा’ एवढंच पुरे. मोबाइलच्या मूळ फोटोत जीपीएस दडलेलं असतं. व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर तेही सोबत जातं. आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर नोंद करताना ठिकाण धूसर करायचा पर्याय असतो, तो निवडा. पेक्टेलिस जायगँटियासारख्या मोठ्या, देखण्या फुलाच्या बाबतीत तर हे हवंच.

‘गेल्या वर्षी इथेच होतं, आता नाही.’ लगेच चोरीचा संशय नको. आधी तारीख बघा. ग्रँडिफ्लोरिफॉर्मिस साधारण जून-जुलैत फुलतं, टूथब्रश ऑर्किड म्हणजे हबेनारिया हेनियाना ऑगस्टच्या सुमारास. सप्टेंबरच्या गर्दीत कासला जाऊन जूनचं फूल शोधलं तर कसं मिळेल? नर्व्हिलिया या जमिनीवरच्याच ऑर्किडचं तर आणखी निराळं: आधी फूल, ते सरल्यावर पान. शिवाय काही जमिनीवरची ऑर्किड एखादं वर्ष कंदातच काढतात, वर येतच नाहीत. त्यामुळे जागा उकरून खात्री करायला जाऊ नका. पुढच्या पावसाळ्यात परत या. ताजे खड्डे दिसले तर मात्र फोटो काढून वनरक्षकाला कळवा.

घरी ऑर्किड हवंच असेल तर रोपवाटिकेतलं, टिश्यू कल्चरचं डेंड्रोबियम घ्या. घाटात रस्त्याकडेला ओल्या फडक्यात गुंडाळून विकायला ठेवलेलं रोप घेऊ नका, कितीही स्वस्त असलं तरी.