अणूला ब्रेक कोण लावतंय?

एमएस्सीच्या दुसऱ्या वर्षी प्रोजेक्टला विषय घेतला: चालत्या अणूवर निर्वातातल्या क्वांटम चढउतारांचा (रिकाम्या जागेतही विद्युतचुंबकीय क्षेत्र सतत थरथरतं, त्याचा) परिणाम. तीन आठवड्यांत मी 'निर्वातातही घर्षण असतं' हे सिद्ध करून मोकळा!

झालं असं. उत्तेजित, म्हणजे जादा ऊर्जा साठवलेला सोडियमचा अणू एकाच वेगाने सरळ चाललाय. चढउतारांमुळे तो कधीतरी प्रकाशकण सोडतो, कुठल्याही दिशेला. पण प्रयोगशाळेतून बघितलं तर डॉप्लर परिणामामुळे (स्रोत चालता असला की प्रकाशाची वारंवारता बदलते) पुढे सुटलेल्या प्रकाशकणाचा संवेग जास्त, मागे सुटलेल्याचा कमी. सरासरी काढली की अणूचा संवेग घटतो. म्हणजे ब्रेक लागला! गणित चारदा तपासलं, चूक सापडेना.

सरांनी वही चाळली, पेन्सिलीने एका ओळीखाली रेघ मारली. "संवेग घटला, मान्य. वेग घटला कशावरून?"

संवेग म्हणजे वस्तुमान गुणिले वेग, आणि मी वस्तुमान कायम धरलं होतं. ऊर्जा बाहेर पडली की अणूचं वस्तुमानही तेवढं घटतं. सोडियमच्या पिवळ्या प्रकाशासाठी ही घट साधारण हजार कोटींत एक भाग, म्हणून मी ती खुशाल सोडून दिली होती. पण माझं 'घर्षण' नेमकं तेवढंच होतं. हिशोब जुळतो आणि वेग सरासरीत जिथल्या तिथे राहतो. पुढे २०१७ साली सोनलाइटनर, ट्राउटमन आणि बार्नेट यांचा याच कोड्यावरचा शोधनिबंध वाचला, तेव्हा कुठे माझी लाज जरा कमी झाली.

तुम्ही या विषयात नवे असाल तर आधी अणूच्या शेजारी बसून बघा. त्याच्या चौकटीत सगळ्या दिशा सारख्या, मग त्याला अडवणार कोण? एकसमान वेगाने जाणाऱ्या प्रत्येकाला निर्वात सारखंच दिसतं. खोलीतल्या उष्ण प्रारणाचं तसं नाही, तिथे खरंच रोध होतो. हे आइन्स्टाइनने १९१७ मध्येच दाखवलं होतं. हे दोन प्रकार माझ्या वर्गातले निम्मे लोक शेवटपर्यंत एकच समजत होते.

जवळ भिंत आली की चित्र बदलतं. १९९३ मध्ये येल विद्यापीठात सोडियमच्या अणूंचा झोत दोन सोनेरी पत्र्यांमधल्या मायक्रॉनभर फटीतून सोडून कॅसिमिर-पोल्डर बल, म्हणजे याच चढउतारांमुळे अणूला भिंतीकडे ओढणारं बल, मोजलं. अणू पत्र्याला समांतर पळत असेल तर घर्षण किती, यावर मात्र सिद्धांतवाल्यांचीच भांडणं चालतात. पहिल्या वर्षी त्यात पडू नका.

उन्रू परिणामाच्या, म्हणजे त्वरणाने जाणाऱ्याला निर्वात ऊबदार वाटतं त्याच्या, मागे तर मुळीच लागू नका. सगळ्यांना तोच हवा असतो. पण त्वरणामुळे निर्वात फक्त १ केल्व्हिन ऊबदार वाटायला २५ वर १९ शून्यं इतके मीटर प्रति सेकंद वर्ग लागतात. त्यापेक्षा लॅम्ब शिफ्टचं (चढउतारांमुळे हायड्रोजनच्या ऊर्जापातळ्या किंचित सरकतात, त्याचं) गणित हाताने करा. भौतिकशास्त्रज्ञ हान्स बेथेने ते १९४७ मध्ये रेल्वेप्रवासात केलं होतं. मला दोन महिने लागले.

प्रोजेक्टचं नाव शेवटी 'निर्वातातील घर्षण'चं 'निर्वातात घर्षण का नसतं' झालं. मुखपृष्ठ आधीच छापून आणलं होतं. सोनेरी अक्षरांत, पाच प्रती.